जेसीबी वावरात येतो तेव्हा



उन्हाळ्यात वावरं मोकळी झाली की आपल्याकडे यंत्रांची वर्दळ सुरू होते. कुणाला विहिरीपासून पाइपलाइन टाकायची असते, कुणाला शेततळं खणायचं असतं. २०१८ साली ‘सुजलाम सुफलाम बुलडाणा’ मोहिमेत गाळ काढायला जेसीबी आणि पोकलेन गावोगाव फिरले, ते आपण पाहिलंच आहे. आता या यंत्रांचं कुणाला नवल वाटत नाही आणि भीतीही वाटत नाही. पाइप धरायला, माती सारायला, चहा द्यायला आपण त्यांच्या अगदी जवळ जातो. म्हणून आज त्याबद्दल बोलू.

लोडर म्हणजे पुढे बकेट असलेलं यंत्र. बकेट काढून तिथे दुसरं अवजारही जोडता येतं. परदेशात छोट्या लोडरला थरथरणारा नांगर जोडतात. त्याचं पातं वरखाली हलत जमीन चिरतं आणि मागोमाग पाइप किंवा केबल आत जाते, चर खणावाच लागत नाही. आपल्याकडे बहुतेक काम जेसीबीने चर खणूनच होतं. पण अवजार कोणतंही असो, जपायच्या गोष्टी त्याच.

पहिली गोष्ट, जमिनीखाली काय आहे ते आधी विचारा. मोटारीची केबल, गावाची नळयोजना, फोनची तार कुठून गेली हे जुन्या माणसांना माहीत असतं. त्यांना धुऱ्यावर बोलवा आणि त्या जागी चुन्याची खूण करा. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप सुरू केलं आहे. खोदण्याआधी ठेकेदाराने त्यावर चौकशी करावी, असा आग्रह धरा.

दुसरी गोष्ट, वर बघा. जेसीबीचा हात उचलला की तो विजेच्या तारेपर्यंत पोचू शकतो. तारेला लागलाच, तर ऑपरेटरदादाने आतच बसून राहावं आणि बाकी कुणीही जवळ जाऊ नये, यंत्राला हात लावू नये. लगेच १९१२ वर किंवा गावच्या वायरमनला फोन करून वीज बंद करायला सांगावं. यंत्राला आग लागली तरच ऑपरेटरने उतरायचं. तेव्हा दोन्ही पाय जोडून लांब उडी मारायची, यंत्र आणि जमीन यांना एकाच वेळी शिवायचं नाही, आणि पाय न उचलता घसटत दूर जायचं.

तिसरी गोष्ट, उचललेल्या बकेटखाली किंवा अवजाराखाली कधीच जाऊ नका. ते तेलाच्या दाबावर उभं असतं. नळी फुटली की क्षणात खाली येतं. नळीतून तेल गळतंय का, हे बोटाने चाचपू नका. सुईएवढ्या भोकातून निघालेलं तेल कातडीत घुसतं. जखम बारीक दिसली तरी त्याच वेळी दवाखाना गाठा, हळद लावून घरी बसू नका.

आणि आपला पदर. ट्रॅक्टरचा पीटीओ दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. पदर किंवा ओढणी अडकली तर सोडवायला वेळच मिळत नाही. दांड्यावर झाकण नसेल तर काम सुरू करू देऊ नका.

आता यंत्र नेण्याबद्दल. रस्त्याने जाताना बकेट किंवा अवजार जमिनीपासून थोडंसंच वर असावं. उंच धरलं की यंत्राचा तोल जातो. जोडणीच्या पिना बसल्यात का, हे निघण्याआधी बघायला लावा. ट्रॉलीवर चढवायचं तर सपाट जागेवर, आणि यंत्राची जड बाजू चढाकडे ठेवून. चढवल्यावर अवजार खाली टेकवायचं, ब्रेक लावायचा, चावी काढायची. मग साखळ्यांनी पुढून-मागून आवळायचं. अवजाराला साखळी वेगळी.

आणि त्या सामानासोबत माणूस बसवायचा नाही. २० ऑगस्ट २०२१ ला आपल्याच सिंदखेडराजा तालुक्यात, दुसरबीडजवळ, समृद्धी महामार्गाच्या कामावरचे मजूर आणि लोखंडी सळया एकाच टिप्परमधून चालल्या होत्या. टिप्पर उलटला आणि १३ मजूर गेले. सामान उलटतं तेव्हा ते माणसाच्या अंगावरच येतं. “जवळच तर जायचंय, बसा मागे,” असं कुणी म्हटलं तर आपण नाही म्हणायचं. एकटीला जड जातं, गटाने म्हटलं की सोपं होतं.

काही गट आता अवजार बँक चालवतात, काही गट यंत्र भाड्याने आणतात. पैसे आपण देतो, तर प्रश्नही आपणच विचारावेत. ऑपरेटरकडे लायसन आहे का? तो प्यायलेला तर नाही ना? मागे घेताना भोंगा वाजतो का? खुणा करायला एकच माणूस ठरला आहे का? पोरं कुणाजवळ राहतील? पाचही उत्तरं मिळाल्याशिवाय चावी फिरू देऊ नका.

एक सोपी खूणगाठ बांधून ठेवा. तुम्हाला ऑपरेटरचे डोळे दिसत नसतील, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. तिथून बाजूला व्हा. काही झालंच तर १०८ ला फोन लावा.

येत्या बैठकीत हे वाचून दाखवा आणि घरच्या माणसांनाही सांगा. पाइपलाइन एक दिवस उशिरा झाली तरी चालेल, पण गेलेली सगळी माणसं संध्याकाळी घरी आली पाहिजेत.