वसुबारस की वाघबारस?

बडोद्याच्या प्रतापनगरात माझी आत्या राहते. गायकवाड सरकारच्या काळात नोकरीनिमित्त गेलेली बरीच मराठी घरे तिकडेच रुजली. तिचे सासर त्यातलेच. एका दिवाळीला आम्ही बेळगावहून तिच्याकडे गेलो होतो. वसुबारसेचा दिवस. आत्याने दारात गाय-वासराची रांगोळी काढली, बाजरीची भाकरी, गवारीची भाजी केली. तेवढ्यात शेजारच्या बेन डोकावल्या नि म्हणाल्या, "आजे वाघ बारस छे!"

मी चक्रावलेच. तिथी तीच, आश्विन वद्य द्वादशी. आमची गाईची, त्यांची वाघाची!

शहरातले लोक या दिवसाचा अर्थ जुनी देणी फेडण्याचा दिवस असाही लावतात. पण डांग आणि नाशिककडच्या आदिवासी पाड्यांवर त्या दिवशी खरोखर वाघदेव पुजतात. सण गुराख्यांचा. गुरे वाघाच्याच रानात चरायला न्यायची, तर त्यालाच 'सांभाळ बाबा' म्हणायचे. प्रतापनगर स्टेशनावरून गाडी छोटा उदेपूरला जाते. तिथल्या राठवांच्या पिठोरा भिंतचित्रांतही वाघ असतो. आपली वाघजाई, गोव्यातला वाघ्रो, कर्नाटकातला हुलिराया ही सगळी याच गोतावळ्यातली.

कन्नड शाळेत शिकलेल्यांना पुण्यकोटी गाईचे गाणे आठवत असेल. वासराला पाजून परत येते, असे सांगून गेलेली गाय शब्द पाळते आणि वाघच लाजून जीव देतो. लहानपणी मी गाईसाठी रडायचे. वाघ उपाशी होता, हे कुणी सांगितलेच नाही.

मग बंदुका आल्या. इंग्रजी अमलात वाघ मारला की बक्षीस मिळे, आणि राजेमहाराजे मेलेल्या वाघाशेजारी उभे राहून फोटो काढून घेत. १९७२ च्या गणतीत देशभरात अवघे १,८२७ वाघ भरले. त्याआधी १९७० मध्ये शिकारीवर बंदी आली होती. १९७२ मध्ये वन्यजीव कायदा झाला, तर १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ अभयारण्यांत आपले मेळघाटही होते आणि बंडीपूरही. सिंहाला बाजूला सारून वाघ राष्ट्रीय प्राणी झाला तोही याच सुमारास. गुजरातेत हे जरा हळूच बोलावे!

बडोद्याच्या राजघराण्यातही पालट झाला. क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष म्हणून आपल्याला ठाऊक असलेले फत्तेसिंहराव गायकवाड पुढे वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतीय शाखेचेही अध्यक्ष झाले. ज्या संस्थानिकांच्या पाहुणचारात शिकार हा मानाचा भाग, त्यांच्यातलाच एकजण जनावरांची बाजू मांडू लागला, ही गोष्ट लहान नव्हे.

आज आकडे सुखावतात. २०२२ च्या गणनेत देशात सुमारे ३,६८२ वाघ; कर्नाटकात ५६३, महाराष्ट्रात ४४४. पण ज्याच्या गोठ्यातली गाय जाते त्याला आकडे सांगून काय उपयोग? जानेवारी २०२० मध्ये आपल्या चोर्ल्याच्या पलीकडे, म्हादई अभयारण्यात, एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. जनावर मारल्याच्या रागातून विष घातल्याच्या आरोपावरून काहीजणांना अटकही झाली. वाघ्रोला नारळ वाढवणाऱ्या सत्तरीत हे घडले. मला त्या माणसांचा राग येतो, पण पुरता येत नाही. दुभते जनावर गेले की घराचे काय होते, ते आपल्या खानापूरकडच्या कुणालाही विचारा.

गुजरातेतला वाघ विसावे शतक सरता सरता दिसेनासा झाला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये लुणावाड्याजवळ एका शिक्षकाने मोबाईलवर वाघाचा फोटो टिपला आणि सगळीकडे आनंदीआनंद झाला. आत्याने लगेच फोन केला होता. पुढे त्याच महिन्यात तो मेलेला सापडला. पोटात अन्न नव्हते, उपासमारीने गेला.

त्यानंतर २०२५ मध्ये छोटा उदेपूरच्या बाजूच्याच रतनमहाल अभयारण्यात आणखी एका वाघाने मुक्काम ठोकल्याची बातमी आली. या वेळी मीच आत्याला फोन लावला. बातमी तिने वाचली होती. जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "अगं, पण त्याला तिथं खायला मिळतंय ना?"