जलतरणपटूची शरीरयष्टी

नामांकित जलतरणपटूंची छायाचित्रे अलीकडे शाळकरी मुलांच्या हाती वारंवार दिसतात. रुंद खांदे, खाली निमुळती होत गेलेली पाठ, सपाट पोट आणि अंगावर चरबीचा मागमूस नाही. अशी आकृती आपलीही व्हावी असे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला वाटले, तर त्यात वावगे काही नाही. परंतु ती इच्छा होताच तो काय करतो? तो पोहावयास जात नाही. तो रात्रीचे जेवण सोडतो. मुलगी असली तर सकाळची न्याहारीही सुटते. तिसऱ्या तासाला बाकावर डोके टेकून बसणारी अशी मुले आम्हा शिक्षकांच्या परिचयाची आहेत. त्यांना आजार नसतो, भूक असते. म्हणून ही शरीरयष्टी कशाने घडते, हे नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

पाणी हे हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट आहे. धावणारा मनुष्य पायांनी जमीन मागे रेटतो. पोहणाऱ्याला रेटण्यासाठी हे पाणीच काय ते मिळते, आणि तेच पाणी समोरून त्याला अडवीतही असते. पालथे पडून आळीपाळीने हात मारण्याच्या जलद शैलीत पुढे जाण्याचा बहुतेक जोर हातांचा असतो. हात मागे ओढण्याचे हे काम काखेखालून कमरेपर्यंत पसरलेला पाठीचा रुंद स्नायू, खांदे आणि दंडाची मागील बाजू यांच्याकडे येते. शरीर पाण्यात सरळ काठीसारखे राहिले नाही, तर कंबर खाली जाते आणि अडथळा वाढतो. म्हणून पोट व कमरेचे स्नायूही अखंड ताणलेले असतात. छायाचित्रात आपण ज्याचे कौतुक करतो तो आकार या कामाची खूण होय.

सगळाच आकार मात्र कामाने येत नाही, हेही मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये आठ सुवर्णपदके मिळविणारा अमेरिकेचा मायकेल फेल्प्स उंचीने १९३ सेंटिमीटर, पण त्याच्या पसरलेल्या हातांचे माप २०१ सेंटिमीटर! हाडांची ही ठेवण कोणत्याही व्यायामाने मिळत नाही. लांब हात आणि लांब धड ज्यांना जन्मतः लाभले, ते शर्यतीत पुढे येतात, आणि पुढे येतात त्यांचीच छायाचित्रे छापली जातात. स्नायू कमावता येतो, सांगाडा कमावता येत नाही.

शिवाय पोहणारे सगळेच सडपातळ असतात असेही नाही. १९५८ साली मिहिर सेन आणि १९५९ साली आरती साहा यांनी इंग्लिश खाडी पोहून पार केली. तेथील पाणी भर उन्हाळ्यातही थंडगार असते, आणि पाणी शरीरातील उष्णता हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेते. अशा दीर्घ पल्ल्यासाठी त्वचेखाली चरबीचा थर असलेला बरा, म्हणून खाडी पोहणारे पुष्कळदा मुद्दाम वजन वाढवितात. तलावात पन्नास मीटर पोहणाऱ्याचे शरीर निराळे आणि खाडी पोहणाऱ्याचे निराळे.

आता शिक्षणाकडे वळू. आपल्याकडे कमरेला वाळलेला भोपळा बांधून विहिरीत पोहणे शिकलेली पिढी अजून आहे. त्यांना तासन्‌तास तरंगता येते, पण संथ तरंगण्याने वर सांगितलेले स्नायू घडत नाहीत. खरा उपयोग होतो तो वेग आणि विश्रांती यांच्या आळीपाळीचा. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाचे शिक्षक जेम्स कौन्सिलमन यांनी या पद्धतीचा मोठा पुरस्कार केला. १९७२ मध्ये म्युनिकला सात सुवर्णपदके जिंकणारा मार्क स्पिट्झ त्यांचाच शिष्य. (हे गुरुजी स्वतः १९७९ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, इंग्लिश खाडी पोहून गेले!) पंचवीस मीटरच्या तलावात साधारण मुलाने प्रथम दोनशे मीटर सावकाश पोहावे, मग केवळ हाताची ओढ व पायांची चाल सुधारण्यात दहा-पंधरा मिनिटे घालवावी, आणि नंतर एकेक लांबी जोराने पोहून वीस-तीस सेकंद थांबावे, असे आठ वेळा. सवय झाली की बारा वेळा. आठवड्यातून तीन-चार दिवस हे केले तर पुरे. हाताची ओढ चुकीची असताना अंतर वाढविले, तर प्रथम खांदा दुखू लागतो. पोहताना देखरेखीस जाणता माणूस हवाच.

जमिनीवरील व्यायामालाही फाटा देऊ नये. पाण्यात शरीराचा भार हाडांवर पडत नाही, त्यामुळे केवळ पोहणाऱ्यांची हाडे धावणाऱ्या-उड्या मारणाऱ्या खेळाडूंइतकी भरीव होत नाहीत. वाढीच्या वयात थोडे धावणे, दोरीवरच्या उड्या आणि बैठका हव्यात. दंडांनी छाती भरते, पण ओढण्याच्या स्नायूंसाठी मला मल्लखांब अधिक पसंत आहे. वेताचा वा दोरीचा मल्लखांब करणाऱ्या मुलाची पाठ पाहावी, म्हणजे ही पसंती का, ते ध्यानात येईल.

राहिला आहार, आणि गैरसमज सर्वांत जास्त येथेच आहेत. फेल्प्स दिवसाला बारा हजार उष्मांक खातो, अशी बातमी २००८ मध्ये जगभर झाली. तो आकडा अतिशयोक्त असल्याचे पुढे त्यानेच सांगितले. तरीही त्याचे खाणे अवाढव्य होते यात शंका नाही. आपला विद्यार्थी तासभर नेटाने पोहला, तर साधारण चारशे ते सहाशे उष्मांक खर्च होतात. बाहेर पडताच गाडीवर दोन वडापाव खाल्ले की तो हिशेब तेथेच मिटला. थंड पाण्यातील व्यायामानंतर भूकही अधिक लागते, म्हणून घरून निघतानाच दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे बरोबर न्यावे हे उत्तम.

स्नायू बांधण्यास प्रथिने लागतात. नियमित व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते २ ग्रॅम पुरतात. पन्नास किलोच्या मुलास दोन अंडी, दोन वाट्या डाळ किंवा उसळ, माशाच्या दोन तुकड्या आणि दोन पेले दूध, यांवर भात-भाकरी धरली तर सत्तर ग्रॅमच्या आसपास सहज मिळतात. मासे-अंडी न खाणाऱ्यांनी दही, पनीर आणि कडधान्ये वाढवावी. दुकानातील महागड्या भुकटीचे डबे या मुलांना कशाला हवेत, हे मला कळलेले नाही. भात-भाकरी तोडणे हा तर शुद्ध आततायीपणा. जोराच्या पोहण्याला लागणारे इंधन तेच. पहाटे पाण्यात उतरण्यापूर्वी वाटीभर पेज घ्यावी, आणि बाहेर आल्यावर तासाभरात पोटभर खावे. कमी करावयाचे ते तळलेले पदार्थ, गोड पेये आणि मिठाई. पाण्यात असतानाही घाम येतोच, म्हणून पाणी पिण्यास विसरू नये.

खाणे कमी आणि श्रम जास्त झाले की शरीर स्नायूही खर्ची घालू लागते. वेळ सुधारण्याऐवजी बिघडते, जखमा लवकर भरत नाहीत, हाडे कमकुवत होतात, मुलींची मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन तिची दखल घेतली. पाळी तीन महिने आली नाही, तर ‘व्यायामामुळे होते असे’ म्हणून आईने स्वस्थ बसू नये, डॉक्टरांकडे जावे.

प्रगती मोजावयाची तर कमरेला फीत लावून नव्हे. पंधरवड्यातून एकदा, त्याच तलावात, घड्याळ लावून दोनशे मीटर पोहावे, किती वेळ लागला आणि एका लांबीला किती हात पडले ते वहीत टिपून ठेवावे. वजन महिन्यातून एकदा केले तरी चालेल.