एक साडी, दोन ग्राहक: वेबसाइटच्या ‘कॅशे’कडून धंद्याचा धडा



समजा, तुम्ही भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावचे. कोशाच्या हातमागाचं गाव. तुम्ही कोसा साड्यांची वेबसाइट काढलीत. हातमागाचा माल, त्यामुळे त्या रंगाचा आणि त्या किनारीचा नग एकच. सकाळी तो प्रदर्शनात विकला गेला आणि तुम्ही लगेच नोंदही केली. तरी वेबसाइट दुपारपर्यंत ‘उपलब्ध’च दाखवत राहिली आणि पुण्याच्या एका ताईंनी पैसे भरले. आता त्यांना फोन करून काय सांगाल?

हा घोळ बहुतेक वेळा ‘कॅशे’मुळे होतो. कॅशे म्हणजे गल्ल्यातली रोकड नव्हे बरं का! दुकानात रोज विकला जाणारा माल आपण काऊंटरजवळ ठेवतो, दर वेळी गोदामात जात नाही. वेबसाइटही तेच करते. वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवते, म्हणून पान पटकन उघडतं. पण गोदामातला माल संपला, हे काऊंटरला कुणी कळवलं नाही तर?

प्रत्येकाचा काऊंटर वेगळा

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या वेबसाइट पीएचपी या भाषेत बनतात. वर्डप्रेसही त्याच भाषेतलं. या भाषेत कॅशे वापरायची प्रत्येक फ्रेमवर्कची पद्धत वेगळी होती. एकासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसरीकडे नेला की जोडणी नव्याने करायची. वेळ डेव्हलपरचा, बिल तुमचं!

२००९ मध्ये काही फ्रेमवर्कचे लोक एकत्र आले आणि त्यातून ‘पीएचपी-फिग’ हा गट उभा राहिला. माहिती मेमकॅश्डमध्ये ठेवा, रेडिसमध्ये ठेवा नाहीतर साध्या फाइलमध्ये. आतलं यंत्र तुमचं, पण मागायची आणि ठेवायची भाषा सगळ्यांची एकच. यूपीआयसारखंच आहे हे. बँक कोणतीही असो, क्यूआर चालतो.

पहिला नियम भारी, दुसरा सुटसुटीत

डिसेंबर २०१५ मध्ये पीएसआर-६ हा नियम मंजूर झाला. त्यात दोन भाग: साठा आणि साठ्यातली वस्तू. साठ्यासाठी ९ क्रिया, वस्तूसाठी ६. काम पक्कं, पण साध्या गरजेसाठी अनेकांना ते जड वाटलं. मग जानेवारी २०१७ मध्ये पीएसआर-१६ आला. त्यात फक्त ८ क्रिया: आण, ठेव, काढ, सगळं रिकामं कर, आहे का बघ, आणि आण-ठेव-काढ एकगठ्ठा.

सोपेपणाची किंमतही मोजावी लागली. ‘वस्तू सापडली नाही’ आणि ‘सापडली, पण रिकामी होती’ हा फरक पीएसआर-६ स्पष्ट सांगतो. पीएसआर-१६ मध्ये तो सहज कळत नाही. म्हणून पहिला नियम रद्द झाला नाही. आज दोन्ही चालतात. सिम्फनी दोन्ही पाळतं, लाराव्हेलचा कॅशे पीएसआर-१६ पाळतो.

आपल्या साडीचं उत्तर इथेच आहे

पीएसआर-१६ मध्ये ‘आहे का बघ’ या क्रियेसोबत इशारा दिलाय: चालू व्यवहारात हिच्यावर विसंबू नका. तुम्ही विचारलं, उत्तर ‘आहे’ आलं, आणि पुढच्याच क्षणी दुसऱ्या कुणी ती वस्तू काढलेली असू शकते. पीएसआर-६ सांगतो की ठेवलेली वस्तू मुदतीआधीही जाऊ शकते आणि कॅशे बिघडला म्हणून वेबसाइट बंद पडता कामा नये.

म्हणजे काय? कॅशे वेगासाठी आहे, खात्रीसाठी नाही. साडीचा फोटो आणि वर्णन खुशाल कॅशेत ठेवा. शेवटचा नग शिल्लक आहे का, हे मात्र पैसे घेण्याआधी मूळ नोंदीतच तपासायला हवं आणि तिथेच तो नग त्या ग्राहकासाठी राखून ठेवायला हवा.

आजचा गृहपाठ

तुमच्या डेव्हलपरला हे तीन प्रश्न विचारा:

१. कॅशेत नेमकं काय ठेवलंय आणि किती वेळासाठी?
२. नग विकला किंवा भाव बदलला की जुनी माहिती आपोआप निघते का?
३. उद्या होस्टिंग किंवा कॅशेची यंत्रणा बदलली, तर कोड किती बदलावा लागेल?

तिसऱ्या प्रश्नावर ‘फारसा नाही, प्रमाणित इंटरफेस वापरलाय’ असं उत्तर आलं तर छान. ‘सगळंच नव्याने करावं लागेल’ म्हणाले तर समजा, तुमच्या दुकानाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे. वर्डप्रेसची कॅशे पद्धत स्वतःची आहे. तिथेही हेच तीन प्रश्न विचारायचे.

आणि हा धडा फक्त वेबसाइटचा नाही. उद्या चार विणकरांकडून माल घ्याल, तेव्हा लांबी, रंगाचा क्रमांक आणि भावाची नोंद एकाच पद्धतीने ठेवायचं ठरवा. माग कुणाचा, हात कुणाचा, ते त्यांच्यावर सोडा. नियम थोडके असले की लोक ते पाळतात.

चला, आधी शेवटच्या नगाची नोंद तपासा. पुढच्या व्हिडिओत भेटूच!