कंपनीच्या डब्याचं वाय-फाय बंद करताना

नागपूरच्या प्रतापनगरातल्या आमच्या घरी दोन वर्षं इंटरनेटचे दोन डबे नांदत होते. एक कंपनीनं लाइनबरोबर दिलेला, हॉलच्या खिडकीशेजारी खिळ्याला टांगलेला, मागच्या बाजूला पालीचं बिऱ्हाड असलेला. दुसरा मुलानं बर्डीच्या बाजारातून आणला. चार अँटेना वर करून तो माडीवरच्या कपाटावर बसला. दोन्ही डबे वाय-फाय सोडत होते आणि दोन नळ म्हणजे दुप्पट पाणी, असा घरातल्या सगळ्यांचा समज होता. टाकी एकच आहे आणि तिच्यातून येणारा पाइपही एकच, हे लक्षात यायला उन्हाळा उजाडावा लागला.

एप्रिलमध्ये खिडकीला कूलर लागला. वाळ्याच्या नव्या ताट्या, पंप, सगळं यथासांग. संध्याकाळी अंगणात खुर्ची टाकून बसलो, तर फोनवर नेट नाही. कारण साधं होतं. डबा आणि मी यांच्यामध्ये आता पत्र्याची पेटी आली होती, आत पाण्यानं निथळणाऱ्या ताट्या. पत्रा रेडिओ लहरी परतवतो, पाणी त्या पिऊन टाकतं. मग माडीवर गेलो, नव्या राउटरपासून चार हातांवर बसलो, तरी रडगाणं तेच. फोन अजून खालच्या डब्यालाच चिकटून होता. फोनची ही खोड जुनी आहे. जोडलेलं नेटवर्क अगदी तुटेस्तोवर तो सोडत नाही. शेजारी दुसरं कितीही खणखणीत असो, आपणहून उठून तिकडे जात नाही. कुठल्या नेटवर्कवर राहायचं हे बहुतांशी फोन ठरवतो, राउटर नाही.

तेव्हा ठरवलं की खालच्या डब्याचं वाय-फाय बंद करायचं. डबा चालू राहील, फक्त त्यातला रेडिओ गप्प बसेल. दुसऱ्याच कामासाठी आलेल्या लाइनवाल्या पोराला विचारलं.

‘काका, नेट तर चालून राहिलं नं? मग काऊन बंद करता?’

‘अरे, घरात दोन झाले. एकाचं तोंड बंद करायचंय.’

‘लोकं डबाच बंद करून टाकतात, मंग कंप्लेंट करतात, अन् मलेच या लागते बाप्पा!’

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. या डब्याला आपण सवयीनं मोडेम म्हणतो, पण मोडेम होता तो टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचा. २००५ साली बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं तेव्हाचा. आताच्या डब्यात केसासारखी बारीक काचेची तार येते. तिच्यातून १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश घरात येतो आणि त्याच तारेतून १३१० नॅनोमीटरचा परत जातो. डब्याचं पहिलं काम या प्रकाशाची वीज करणं. दुसरं काम कंपनीच्या यंत्रणेला ओळख पटवून घरातल्या सगळ्यांसाठी एक पत्ता मिळवणं. लँडलाइनचा फोन याच डब्यातून निघतो, टीव्हीची पेटीही बऱ्याच घरांत यालाच जोडलेली असते. वाय-फाय हे त्याचं चौथं-पाचवं काम. डब्याचं बटणच दाबलं तर ही सगळीच कामं झोपतात, आणि माडीवरचा चार अँटेनांचा राजा उपाशी राहतो.

आता हा रेडिओ दिवसभर करतो काय, ते पाहू. कोणी वापरत असो वा नसो, प्रत्येक वाय-फाय आपल्या नावाची हाक देत राहतं. साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी एक, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा. दिवसाचे होतात ८ लाख ४३ हजारांवर. डबा २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झ अशा दोन्ही पट्ट्यांवर बोलणारा असेल तर याच्या दुप्पट. शिवाय जुन्यातल्या जुन्या यंत्रालाही कळावी म्हणून २.४ च्या पट्ट्यात ही हाक बहुतेक वेळा सर्वांत सावकाश, १ एमबीपीएसच्या चालीनं दिली जाते. एका हाकेला दोन-अडीच मिलिसेकंद लागतात. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण वाय-फायचा शिरस्ता असा की एकाच वाहिनीवर एक बोलत असताना बाकीच्यांनी थांबायचं. एक डबा नुसत्या हाका मारण्यात दोन-अडीच टक्के वेळ खातो. एकाच वाहिनीवर असे दहा जमले तर पाव वेळ नुसत्या नावं पुकारण्यातच गेला.

आणि दहा सहज जमतात. २.४ चा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्‌झ एवढाच. त्यात वाहिन्या १३, पण एकमेकींच्या अंगावर न येणाऱ्या म्हणाव्यात तर तीनच: १, ६ आणि ११. हा पट्टा २००५ च्या जानेवारीत सरकारनं घराबाहेरच्या वापरासाठीही परवानामुक्त केला, तेव्हा नागपुरात किती घरांत वाय-फाय असेल? आज मनीषनगरातल्या कुठल्याही सोसायटीत जिन्यात उभं राहून फोनवरची यादी उघडा, अंगठ्यानं वर सरकवावी लागते. त्यातली निम्मी नावं कंपनीचं नाव आणि पुढे चार आकडे अशी. बऱ्याच घरांत दुसरा राउटर आलेला असतो, पण पहिल्याचं वाय-फाय कोणी बंद केलेलं नसतं.

गर्दी हे एक कारण. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच, आणि ते महाराष्ट्रानं अनुभवलेलं आहे. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. पहिला स्फोट होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. पोलिसांनी त्या ईमेलचा आयपी पत्ता शोधला तर तो निघाला नवी मुंबईत, सानपाड्याला, एका अमेरिकन नागरिकाच्या घरचा. त्याच्यामागे चौकशीचा ससेमिरा लागला. प्रत्यक्षात त्याचा स्फोटांशी काडीचा संबंध नव्हता. त्याचं वाय-फाय उघडं होतं आणि कोणीतरी ते वापरून गेलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत असेच ईमेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेले. २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी उघडी वाय-फाय हुडकत रस्त्यांवर फिरायचं ठरवलं, आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागानं इंटरनेट कंपन्यांना वाय-फाय सुरक्षित करण्याबाबत सूचना काढल्या.

आज उघडं वाय-फाय क्वचितच दिसतं, डब्यांना पासवर्ड असतात. आमच्याही होता. तो लाइनवाल्यानं बसवतानाच टाकला होता: माझ्या नावाची चार इंग्रजी अक्षरं आणि पुढे एक दोन तीन चार. गेल्या दोन वर्षांत तो पाहुण्यांना दिला, रंगाऱ्याला दिला, मागच्या खोलीत राहून गेलेल्या विद्यार्थ्यांना दिला. नव्या राउटरचा पासवर्ड मुलगा जिवापाड जपतो. जुन्याचा अर्ध्या गल्लीला पाठ. जुन्या डब्यांत आणखी एक खिडकी उघडी असू शकते, डब्ल्यूपीएसची, म्हणजे पासवर्डऐवजी पिननं जोडण्याच्या सोयीची. तिचा पिन आठ आकडी असला तरी तो दोन तुकड्यांत तपासला जात असल्यामुळे फार तर ११ हजार प्रयत्नांत सापडू शकतो, हे २०११ सालीच उघड झालं. जे वाय-फाय आपण वापरतच नाही, त्याच्या कुलपाची काळजी आपण घेत नाही. आणि त्यावरून कोणी काही केलं तर पत्ता निघणार तो बिल ज्याच्या नावावर आहे त्याचाच.

आता प्रत्यक्ष काम. डब्याच्या पोटावर चिकटपट्टी असते, तिच्यावर एक पत्ता, वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ असा, जिओच्या डब्यांना १९२.१६८.२९.१. तो ब्राउझरमध्ये टाकला की डब्याचं आतलं पान उघडतं. हे काम लॅपटॉपला लॅन केबल जोडूनच करावं. त्याच वाय-फायवर बसून ते बंद करायला जाणं म्हणजे बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवणं. त्याआधी डब्याच्या लॅनच्या खाचेतून निघालेली केबल नव्या राउटरच्या वॅनच्या खाचेत घालून नेट नीट चालतंय याची खात्री करून घ्या. दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर ते एकमेकांत अडकतात. नव्याचा पत्ता बदला, किंवा त्याला नुसता ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे फक्त वाय-फाय पसरवणारा म्हणून चालवा.

आतल्या पानावर वायरलेस किंवा डब्ल्यूलॅन असा भाग सापडतो. तिथे २.४ आणि ५ या दोन्हींची खूण वेगवेगळी काढावी लागते. पुष्कळ जण एकच काढतात आणि दुसरं बोलतच राहतं. नाव लपवण्याची सोयही तिथेच असते, तिला भुलू नका. नाव लपवलं तरी रेडिओ चालूच असतो, हाका मारतोच, फक्त बिननावी. काही डब्यांच्या कडेला वाय-फायचं वेगळं बटण असतं, ते काही सेकंद दाबून धरलं की काम झालं. काही कंपन्या आतल्या पानाची किल्ली ग्राहकाच्या हाती देत नाहीत. तिथे त्यांचं ॲप किंवा कॉल सेंटर.

मी नेमकी इथे माती खाल्ली. चिकटपट्टीवरचा पासवर्ड चालेना, लाइनवाल्यानं तो बदललेला. मग मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून दहा सेकंद धरली. पासवर्ड मूळपदावर आला, आणि त्याबरोबर कंपनीनं डब्यात भरलेलं लाइनचं नाव, लाइनचा पासवर्ड आणि बाकीची मांडणीही पुसली गेली. प्रकाश येत होता, हिरवा दिवा जळत होता, पण नेट नाही आणि लँडलाइन मुकी. शनिवारची दुपार होती. सोमवारी तोच पोरगा आला. काही बोलला नाही, नुसता हसला. जाताना त्याच्याकडून वाय-फाय बंद करवून घेतलं, पाच मिनिटांत.

त्यानंतर खरी तारांबळ उडाली. टीव्ही, गेटवरचा कॅमेरा, प्रिंटर, बहिणीचा फोन, सगळे जुन्या नावाच्या शोधात भटकू लागले. त्यावरचा उतारा सोपा आहे: नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, सगळी उपकरणं आपोआप येऊन चिकटतात. मग सवडीनं एकेकाला नव्या पासवर्डवर न्या. ती सवड मात्र काढाच, नाहीतर अर्ध्या गल्लीला पाठ असलेला पासवर्ड माडीवर चढला, एवढंच.

वाय-फायच्या लहरींनी आजार होतात म्हणून बंद करता का, असं शेजारच्या काकूंनी विचारलं. नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा यादीत टाकलं, त्याच यादीत आशियाई पद्धतीची मुरवलेली भाजीची लोणचीही आहेत. वीज वाचेल म्हणूनही करू नका; एक-दोन वॅटचा मामला, कूलरच्या पंपापुढे तो कुठेच लागत नाही.

एक मात्र ध्यानात ठेवा. डबा कंपनीचा आहे आणि तिला तो दुरून हाताळता येतो; त्यासाठीची टीआर-०६९ नावाची पद्धत २००४ पासून आहे. नवं सॉफ्टवेअर आलं, किंवा कोणी टाचणी घातली, की वाय-फाय पुन्हा बोलू लागू शकतं. आमच्याकडे पावसाळ्यात एकदा तसं झालंच. तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी फोनवरची यादी पाहत जा, जुनं नाव परत दिसतंय का. आणि आज रविवार आहे, हात शिवशिवतील; पण आधी डब्याच्या पोटावरच्या चिकटपट्टीचा फोटो काढा, लाइनचं नाव-पासवर्ड कंपनीकडून लिहून घ्या, आणि टाचणी शिवणाच्या डब्यातच राहू द्या.