टेकडीखालचा भूगोल

दिवाळीत आपली मुलं मातीचा किल्ला करतात. ग्लासगोत असे किल्ले बर्फाने करून ठेवले आहेत! गिल्मोरहिल, गार्नेटहिल, पार्टिक हिल या टेकड्या म्हणजे ‘ड्रमलिन’. शेवटच्या हिमयुगात सरकत्या बर्फाने खालची चिकणमाती आणि दगडगोटे रेटून त्यांना उपड्या चमच्यासारखा आकार दिला. त्यांपैकी गिल्मोरहिलवर १८७० पासून ग्लासगो विद्यापीठ उभं आहे.

माझी नात तिथेच प्राकृतिक भूगोल शिकते. ‘भूगोल घेऊन पुढे काय करणार?’ असं तिला मंडळात अनेकांनी विचारलं. खरं सांगायचं तर आधी मीच विचारलं होतं. आयुष्यभर गणित शिकवल्याचा तोरा, दुसरं काय!

मग तिने मला जेम्स क्रॉल वाचायला दिला. शाळा लवकर सुटलेला हा माणूस १८५९ मध्ये ग्लासगोच्या अँडरसोनियन संस्थेत रखवालदार झाला. तिथल्या ग्रंथालयात वाचून वाचून त्याने १८६४ मध्ये हिमयुगांचा संबंध पृथ्वीच्या बदलत्या कक्षेशी जोडला. १८७६ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. म्हणजे यातही गणित होतंच.

आणि उपयोग? २०१४ मध्ये माळीण आणि २०२३ मध्ये इरशाळवाडी दरडीखाली गेली. उतार, माती आणि पाऊस यांचा हिशेब मांडणं हाच नातीचा अभ्यास.

यंदा किल्ल्यासाठी परसात खणताना गोटे मिसळलेली चिकणमाती लागली. नात म्हणाली, “आजी, ही बर्फाने आणलेली.” त्याच मातीचा आम्ही रायगड केला.