वर्गातलं वेगळं मूल: समज आणि वस्तुस्थिती

‘आमच्या शाळेत अशी मुलं नाहीतच’ हा ट्रान्सजेंडर मुलांबद्दलचा पहिला आणि सर्वांत चिवट गैरसमज. नवी मुंबईत दिघा-तुर्भ्यातली पालिकेची शाळा घ्या किंवा सीवूड्सची मोठी खासगी शाळा, हे उत्तर कुठेही मिळू शकतं. २०११च्या जनगणनेत देशभरात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद लिंगाच्या ‘इतर’ या रकान्यात झाली, महाराष्ट्रात ४०,८९१ जणांची. देशाच्या आकड्यात शून्य ते सहा वयाची ५४,८५४ बालकं होती. एवढ्या लहान वयाची माहिती पालकच देतात. त्यामुळे त्यात आंतरलिंगी बाळंही असणार, आणि पुढे वयात येताना ज्यांना आपली ओळख उमगते ती मुलं त्यात नसणारच. याच जनगणनेत सर्वसाधारण साक्षरता ७४ टक्के होती, ‘इतर’ गटाची ४६. युनेस्कोने तामिळनाडूत केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लैंगिक अल्पसंख्याक तरुणांपैकी जवळपास एक तृतीयांश जणांनी छळापायी शाळा सोडल्याचं सांगितलं. पटावर ही मुलं दिसत नाहीत, कारण काही स्वतःला लपवून बसतात आणि काही केव्हाच निघून गेलेली असतात.

दुसरा समज असा, की शाळेने आधार दिला म्हणजे मुलाला ‘तसं’ बनवलं. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. नाजूक चालीचा, नाचात रमणारा मुलगा किंवा केस बारीक कापून कबड्डी खेळणारी मुलगी ट्रान्सजेंडर असतेच असं नाही. अशी अनेक मुलं मोठेपणीही स्वतःला मुलगा किंवा मुलगीच मानतात. काही मुलांना मात्र आपल्यावर जन्मतः लावलेली ओळख आपली नाही, हे आतून ठामपणे जाणवत असतं. कोणतं मूल कुठल्या वाटेने जाईल हे आठवीच्या वर्गशिक्षिकेला सांगता येणार नाही, आणि माझ्या मते सगळा युक्तिवाद इथेच सुटतो: तिला ते सांगायचंच नाही. दोन्ही प्रकारच्या मुलांना शाळेकडून हवं असतं ते एकच. मधल्या सुट्टीत ‘बायल्या’ म्हणून कुणी पाठीशी लागू नये, शिक्षकाने चालण्याची नक्कल करून वर्ग हसवू नये, स्नेहसंमेलनात कोपऱ्यात ढकलू नये. शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही मनाई केली आहे, आणि त्यासाठी मुलाची ओळख आधी सिद्ध व्हावी लागत नाही. मुलाने वेगळ्या नावाने हाक मारायला सांगितलं तरी शाळा कुठला दाखला देत नसते, ती फक्त ऐकत असते. अमेरिकेतल्या १२९ ट्रान्स व लिंगचौकटीबाहेरच्या तरुणांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना घरी, शाळेत, कामावर आणि मित्रांत निवडलेल्या नावाने हाक मारली जात होती, त्यांच्यात नैराश्य आणि आत्महत्येचे विचार बरेच कमी आढळले. अभ्यास छोटा आहे, परक्या समाजातला आहे, त्यावर सारा डोलारा उभारू नये. पण जी गोष्ट फुकट आहे आणि उद्या मागेही घेता येते, तिच्यासाठी याहून मोठा पुरावा मागण्याचं कारण मला दिसत नाही.

‘हा आजार आहे, समुपदेशकाकडे पाठवून ठीक करून घ्या’ हा सल्ला चांगल्या हेतूने दिला जातो, म्हणून तो अधिक घातक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून लागू झालेल्या आपल्या रोगवर्गीकरणात लिंगओळखीची विसंगती मानसिक आजारांच्या यादीतून बाहेर काढली. त्याच वर्षी आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ओळख ‘बदलण्याचे’ तथाकथित उपचार करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. यावर एक गंभीर आक्षेप येतो: ब्रिटनमध्ये तर २०२४च्या कॅस अहवालाने अल्पवयीनांना दिल्या जाणाऱ्या औषधांबद्दल शंका घेतल्या. घेतल्या, हे खरं आहे, आणि लहान वयात घाईने निर्णय नकोत असंही त्यात म्हटलं आहे. पण तो वाद मुख्यतः औषधांचा आणि दवाखान्याचा. शाळा गोळी देत नाही, शस्त्रक्रिया करत नाही. उलट घाई नको असेल तर मुलाला वेळ काढता येईल अशी निर्धोक जागा लागते, आणि ती शाळेइतकी दुसरीकडे कुठे मिळणार?

हे सगळं पाश्चात्य फॅड आहे, असं म्हणणाऱ्यांनी कोल्हापूर-सोलापूरकडचे, यल्लम्मा देवीला वाहिलेले आणि स्त्रीवेशात वावरणारे जोगते आठवावेत. राजन गवसांची ‘भंडारभोग’ ही कादंबरी जोगत्याच्याच आयुष्यावर आहे. आपल्याकडे ही माणसं कायम होती. नव्हती ती त्यांच्यासाठी वर्गात जागा. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात ट्रान्सजेंडर व्यक्तींचे मूलभूत हक्क मान्य केले, आणि त्यांच्या हक्कांच्या २०१९च्या कायद्याने शाळांवर भेदभावरहित, समावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकली, खेळासकट. तरीही शिक्षकांना शिकवायची वेळ आली तेव्हा आपण कचरलो. एनसीईआरटीने २०२१ मध्ये तयार केलेली, ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दलची शिक्षक-पुस्तिका आक्षेप येताच काही दिवसांत संकेतस्थळावरून उतरवली गेली. मद्रास उच्च न्यायालयाने त्यावर उघड नाराजी नोंदवली. कायदा आहे आणि तो राबवणाऱ्या शिक्षकाच्या हाती काहीच नाही, ही अवस्था शिक्षकांवरही अन्यायाची आहे.

कोणतं स्वच्छतागृह वापरायचं हा प्रश्न मात्र खरा आहे, तो टाळू नये. मुलींच्या पालकांना काळजी वाटते, आणि त्या काळजीला ‘मागासलेपणा’ म्हणून हिणवणं चूक आहे. पण मुलांच्या स्वच्छतागृहात सर्वाधिक धोका कुणाला असतो? ज्याला ‘बायल्या’ म्हणतात त्यालाच. तो दिवसभर पाणी न पिता बसला तर नवल नाही. एका माणसापुरती, आतून कडी लागणारी खोली हा यावरचा साधा तोडगा आहे. अपंग विद्यार्थ्यांसाठीचं स्वच्छतागृह असेल तर ते सर्वांना खुलं ठेवता येतं. गणवेशाचंही तसंच. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वलयनचिरंगरा इथल्या सरकारी प्राथमिक शाळेने सगळ्यांनाच शर्ट आणि थ्री-फोर्थ दिली, तेव्हा मुलींना खेळणं सोपं झालं. एका मुलासाठी केलेली सोय बहुतेक वेळा अनेकांच्या कामी येते.

राहिला पालकांचा हक्क. शाळेने आई-वडिलांना डावलावं असं कुणी म्हणत नाही. अल्पवयीन मुलाच्या ट्रान्सजेंडर ओळखपत्राचा अर्जही २०१९च्या कायद्यानुसार पालकांनीच करायचा असतो. पण मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट संध्याकाळी फोनवरून घरी कळवणं हा पालकांचा हक्क जपणं नव्हे. काही घरांत त्या फोनचा शेवट मारहाणीत होतो. आधी मुलाशी बोलावं, घरी काय होईल हे त्यालाच विचारावं, त्याच्या संमतीने समुपदेशकाला मधे घ्यावं, आणि धोका दिसला तर १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आहे. पालक तयार झाले की पुढचं काम कागदांचं. ओळखपत्रासाठी ऐरोली ते बेलापूरच्या रहिवाशांचा अर्ज ठाण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, खारघर-कामोठेकरांचा अलिबागला. त्यानंतर गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला यांवरची नोंद बदलायची. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका माजी विद्यार्थ्याला कागदांवरचं जुनं नाव बदलून घेण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. २०२३ मध्ये न्यायालयाने म्हटलं, की नाव आणि लिंगनोंद बदलण्याचा अर्ज शिक्षणसंस्थांनी आपल्या संकेतस्थळावरच ठेवावा. असा अर्ज एका पानात बसू शकतो, आणि कुठल्याही शाळेच्या कार्यालयाला तो येत्या जूनच्या आत तयार करता येईल.