फरशीवरचा चिकटा ॲसिडने का निघत नाही?

घरातले रसायनशास्त्र : लेखांक ९

दिवाळीला उंबरठ्याजवळ चिकटवलेली लक्ष्मीची पावले किंवा रांगोळीचे स्टिकर काही महिन्यांनी ओढून काढले, की वरचे प्लास्टिक हातात येते आणि गोंद फरशीवरच राहतो. त्यावर धूळ बसते आणि पावलांच्याच आकाराचा काळा डाग तयार होतो. साबणाने तो हटत नाही, म्हणून बाथरूममधली ॲसिडची बाटली बाहेर येते. ॲसिड धोकादायक असते हे सगळ्यांना ठाऊक असते. पण या कामाला ते मुळात निरुपयोगी आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

स्टिकरचा गोंद रबर किंवा ॲक्रिलिकच्या लांबलचक रेणूंचा असतो. तो पूर्ण वाळत नाही, मऊच राहतो आणि दाब पडला की पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचांत शिरून पकड घेतो. बाथरूमच्या ॲसिडमधले हायड्रोक्लोरिक आम्ल या रेणूंना सहसा तोडत नाही. ते खाते चुन्याचे क्षार आणि सिमेंट. सिरॅमिक टाइलची झिलई म्हणजे हजार अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाला भाजलेला काचेचा थर, त्यामुळे ती बऱ्यापैकी टिकते. दोन टाइलमधले सांधे मात्र बहुधा सिमेंटच्या ग्राउटने भरलेले असतात. ॲसिड ओतल्यावर येणारा फेस पाहून आपल्याला वाटते, डाग सुटतोय. प्रत्यक्षात तेव्हा सांधे झिजत असतात.

यावर कोणी म्हणेल, ‘आमच्याकडे तर ॲसिडनेच फरशी लख्ख होते.’ होते, पण तिथे निघतात ते बोअरच्या पाण्याचे पांढरे थर किंवा बांधकामातले सिमेंटचे शिंतोडे. तो ॲसिडचाच प्रांत. गोंदाचा डाग त्याने गेला असे वाटते, तेव्हा श्रेय बहुधा सोबतच्या खराट्याचे असते.

गोंदाला हवे त्याच्या जातीचे द्रावक. रबरी गोंदावर गोडेतेल लावून वर प्लास्टिकचा तुकडा ठेवावा आणि अर्धा तास थांबावे. तेल गोंदात मुरते, गोंद फुगतो, पकड सुटते आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने तो गोळा होऊन येतो. ॲक्रिलिक गोंद तेलाला दाद देत नसेल तर हेअर ड्रायरची ऊब किंवा सर्जिकल स्पिरिट वापरावे, दोन्ही एकाच वेळी नव्हे. सुतारकामाचा पांढरा गोंद गरम पाण्याच्या फडक्याने मऊ होतो, तर फेविक्विकसारख्या झटपट गोंदाला ॲसिटोन लागते. दोन नळ्यांचे इपॉक्सी एकदा घट्ट झाले की अशा द्रावकांत विरघळत नाही. ते ऊब देऊन खरवडावेच लागते.

‘एवढा वेळ कुणाला आहे? ब्लेडने मिनिटात काम होते,’ हा आक्षेप निम्मा खरा आहे. गुळगुळीत टाइलवर, गोंद आधी मऊ करून ब्लेड आडवे धरले तर चालते. खरखरीत मॅट टाइलवर मात्र ते फक्त उंचवट्यांवरचा गोंद काढते, खाचांतला तसाच ठेवते आणि वर धातूच्या करड्या रेघा सोडून जाते. तेलाने फरशी निसरडी होते ही तक्रार रास्त आहे. पण भांड्यांच्या साबणाने ती दोनदा पुसली की प्रश्न मिटतो. ॲसिटोनबाबत जास्त सावध राहायला हवे. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि ठिणगीनेही पेट घेते. देवघरात निरांजन किंवा स्वयंपाकघरात गॅस चालू असताना ते वापरू नये. स्पिरिटलाही हाच नियम लागू आहे.

तेव्हा आधी गोंद कोणता ते ओळखा, द्रावक कोपऱ्यातल्या टाइलवर थोडे लावून पाहा आणि मुरायला वेळ द्या. एवढे सांगूनही ॲसिड वापरायचेच असेल, तर निदान ब्लीचिंग पावडरीत मिसळू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.